इंटरकूलरची खरी गरज औशातच

टर्बो किंवा सुपरचार्जर बसवलेल्या इंजिनात हवा आधी दाबली जाते आणि मग सिलिंडरमध्ये जाते. दाबली की ती तापते, तापली की विरळ होते, आणि जास्त हवा भरण्यासाठी केलेल्या खटाटोपाचा एक भाग तिथेच वाया जातो. म्हणून कॉम्प्रेसर आणि इंजिन यांच्या मध्ये इंटरकूलर बसवतात: अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांचा आणि फिन्सचा एक गाळा, ज्याच्या आतून इंजिनाची हवा जाते आणि बाहेरून वारा लागतो. मराठवाड्यातल्या गॅरेजांत आणि गाडीतळांवर या भागाविषयी एक मत ठामपणे मांडले जाते. मे महिन्यात बाहेरचीच हवा चाळीस अंशांच्या पुढे असते, तेव्हा गरम हवेने गरम हवा काय थंड होणार? इंटरकूलर थंड मुलखासाठी आहे, इथे तो नुसता शोभेचा. या मतामागे आणखी काही समजुती ओळीने येतात. डिझेलला गरम हवाच मानवते, फुटलेल्या इंटरकूलरच्या जागी सरळ पाइप जोडला तरी चालते, थर्मोस्टॅट काढला की सगळेच थंड राहते, उघडा फिल्टर लावला की गाडीला मोकळा श्वास मिळतो. यातली एकही समजूत तपासणीत टिकत नाही. शिवाय त्यांची किंमत ज्यांचे पोट पिकअपवर किंवा वडापच्या गाडीवर आहे त्यांना मोजावी लागते. म्हणूनच त्यांचा प्रतिवाद आकड्यांनिशी करणे आवश्यक आहे.

आधी पहिला आक्षेप. लातूर जिल्ह्यातले औसा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, बालाघाटच्या पठारावर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या ९३ टक्क्यांच्या आसपास असतो. त्यात तापमान ४० अंश धरले तर एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.०५ किलो भरते. समुद्रकाठी १५ अंशांना तेच १.२२ किलो असते. म्हणजे औशात उन्हाळ्याच्या दुपारी इंजिनाला मिळणारी हवा मुळातच १४ टक्के हलकी असते. टर्बो ही तूट भरून काढतो, पण त्यासाठी त्याला हवा अधिक पटीने दाबावी लागते. समुद्रकाठी १.७ पट दाबून जो दाब मिळतो, तोच इथे मिळवायला सुमारे १.८३ पट दाबावे लागते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरून गणित केले, तर समुद्रकाठी १५ अंशांची हवा दाबल्यावर ८८ अंशांना पोचते. औशातली ४० अंशांची हवा मात्र १३० अंशांपर्यंत जाते.

आक्षेपाचे उत्तर या १३० मध्येच आहे. इंटरकूलरच्या बाहेरून वाहणारी हवा ४० अंशांची असली, तरी आतल्या १३० अंशांच्या हवेपुढे ती ९० अंशांनी थंड आहे. उष्णता या फरकावर वाहते, माणसाच्या अंगाला ऊन किती लागते यावर नाही. सर्वसाधारण चांगला इंटरकूलर या फरकाच्या ७० टक्के उष्णता काढून घेतो. म्हणजे औशात हवा १३० वरून ६७ अंशांवर येते, ६३ अंशांची घट होते. समुद्रकाठच्या १५ अंशांच्या थंड मुलखात तोच इंटरकूलर ८८ वरून ३७ वर आणतो, घट ५१ अंशांची होते. थंड झाल्यामुळे हवा किती दाट झाली हे मोजले, तर थंड प्रदेशात वाढ साडेसोळा टक्के येते आणि औशात साडेअठरा टक्के. फिन्समधून आणि नळ्यांतून जाताना दाब थोडा घटतो. त्याचे चार टक्के वजा केले तरी औशात जवळजवळ १४ टक्के जास्त हवा हातात राहते, म्हणजे उंचीने आणि उन्हाने जितकी नेली जवळपास तितकीच. इंटरकूलर उष्ण प्रदेशात निरुपयोगी असल्याचे म्हणणारे बाहेरच्या तापमानाकडे पाहतात आणि दाबलेल्या हवेच्या तापमानाकडे पाहतच नाहीत. सगळा घोटाळा तिथेच होतो.

६७ अंश म्हणजे काही गारवा नव्हे, हे मान्य केले पाहिजे. औशातल्या इंजिनाला कोकणातल्या डिसेंबरातली हवा कुठलाही इंटरकूलर देऊ शकत नाही. पण तुलना करायची ती १३० अंशांशी, कारण इंटरकूलर नसेल तर तीच हवा सिलिंडरमध्ये जाणार आहे.

दुसरी समजूत डिझेलची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते, हे खरे आहे. त्यावरून गरम हवा चांगली असा निष्कर्ष काढला जातो आणि तो वरवर पटण्याजोगा वाटतो. पण डिझेलला आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या आतबाहेरचे तापमान पुरते. सिलिंडरमध्ये आकारमान एक-सोळांश होईपर्यंत दाबल्यावर ६७ अंशांची हवासुद्धा ढोबळ हिशोबाने सहाशे अंशांच्या पुढे जाते. पेटवायला लागणारी उष्णता तिथे दुपटीहून अधिक आधीच आहे. थंडीतल्या पहाटे पहिल्यांदा गाडी सुरू करताना ती कमी पडते, आणि त्या वेळेसाठी ग्लो प्लग असतात. चालत्या गाडीला या उष्णतेचा तुटवडा कधीच नसतो.

उलट जादा उष्णतेचे नुकसान सिलिंडरमध्ये गुणले जाते. इनटेकमधला ६३ अंशांचा फरक १६ पट दाबल्यानंतर दीडशेहून अधिक अंशांचा होतो, आणि तोही इंधन पेटण्याच्या आधी. तिथून पुढे ज्वलनाची उष्णता त्यावर चढते. पिस्टनचा माथा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि टर्बोचे टर्बाइन ही उष्णता सोसतात. हवा कमी आणि डिझेल तितकेच असेल तर ते पुरते जळत नाही, काळा धूर येतो, आणि चालक म्हणतो की गाडी ओढत नाही. मग तो पाय अधिक दाबतो, डिझेल अधिक जाते, एव्हरेज घसरते. नायट्रोजनची ऑक्साइडेही अतितप्त ज्वाळेतच वाढतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांत त्यांची मर्यादा कडक आहे. नव्या डिझेल गाड्यांत इंटरकूलर अनिवार्य झाल्यासारखा आहे, त्याचे हेही एक कारण आहे.

पेट्रोलची गोष्ट याहून नाजूक आहे. पेट्रोल इंजिनात हवा फार तापलेली असेल तर मिश्रण ठिणगीच्या आधी किंवा ज्वाळा पोचण्याआधी कोपऱ्यात आपोआप पेटते आणि ठोका येतो. हा ठोका पिस्टन फोडू शकतो. आजच्या गाड्यांतले संगणक तो ऐकून ठिणगीची वेळ मागे घेतात आणि टर्बोचा दाब कमी करतात. एप्रिल-मे महिन्यांत टर्बो पेट्रोल गाडीचा पिकअप गेल्याची तक्रार होते, ती बहुतेकदा या बचावाची असते. तिच्यावर उपाय म्हणून बाजारात चिप विकली जाते, आणि हा खरोखर धोकादायक उपाय आहे. संगणकाने हवेच्या उष्णतेमुळे जे रोखले होते, तेच अशा चिपने मोकळे होते.

जुन्या गाड्यांचा दाखला देऊन एक प्रामाणिक आक्षेप घेता येतो. इंटरकूलरशिवाय टर्बो डिझेल गाड्या या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावल्या, मग आत्ताच काय बिघडले? त्या गाड्यांचा दाब कमी होता. वातावरणाच्या १.४ पट दाबले तर औशातली हवा ९० अंशांच्या आसपास थांबते, १३० पर्यंत जात नाही. त्यांच्या पंपातून जाणारे डिझेलही त्या हवेच्या बेताने ठरवलेले होते. अशा इंजिनाला इंटरकूलर नसणे हा त्याच्या रचनेचा भाग होता. त्याच न्यायाने, इंटरकूलर गृहीत धरून बनवलेल्या इंजिनातून तो काढून टाकणे म्हणजे रचना मोडणे. सरळ पाइप जोडण्याची चाल म्हणूनच गंभीर आहे. ती बहुधा अज्ञानातून येत नाही, पैशाच्या ओढगस्तीतून येते: हंगाम तोंडावर असतो, नवा गाळा महाग असतो, आणि पाइपाने गाडी त्याच दिवशी रस्त्यावर येते. पण पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा गाळा फुटला असेल तर आर्गन वेल्डिंगने तो पुष्कळदा सांधता येतो. ज्यांच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात, त्यांचे प्लास्टिक तडकल्यावर वेल्डिंग चालत नाही. तिथे चांगल्या स्थितीतला वापरलेला गाळासुद्धा सरळ पाइपापेक्षा कैक पटीने बरा. पाइपावर चालवलेल्या गाडीचा खर्च पुढे टर्बो आणि पिस्टन यांच्या रूपाने येतो, आणि तेव्हा तो कोणी त्या पाइपाच्या नावावर मांडत नाही.

उघड्या फिल्टरचे खूळ मुख्यतः तरुणांच्या गाड्यांत दिसते. कंपनीच्या फिल्टरची पेटी मडगार्डमागून किंवा ग्रिलजवळून, म्हणजे बाहेरून हवा घेते. ती काढून बॉनेटखाली शंकूसारखा फिल्टर बसवला की आवाज बदलतो आणि त्या आवाजालाच ताकद समजले जाते. प्रत्यक्षात बॉनेटखालची हवा गर्दीत बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी किंवा त्याहूनही जास्त तापलेली असते. कॉम्प्रेसर हा फरक आहे तसा पुढे पाठवत नाही, वाढवून पाठवतो. वरच्याच गणितात आत २० अंश जास्त गेले तर बाहेर जवळजवळ २६ अंश जास्त येतात. शिवाय काळ्या मातीची धूळ फार बारीक असते आणि सैल जाळीच्या फिल्टरमधून ती आरपार जाते. टर्बोची पाती मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतात. अशा वेगात ही धूळ पात्यांच्या कडा झिजवते, आणि झिजलेली पाती तोच दाब तयार करताना हवा अधिक तापवतात.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त पाळला जाणारा. त्यात दोन वेगळ्या उष्णतांची गल्लत आहे. थर्मोस्टॅट कूलंटचे तापमान राखतो आणि ते ८५ ते ९५ अंशांच्या आसपास असावे अशीच इंजिनाची रचना असते. त्याचा इनटेकच्या हवेशी थेट संबंध नाही. तो काढल्याने १३० अंशांची हवा १२० ची होत नाही. इंजिन मात्र गरजेपेक्षा थंड चालते, ऑइल दाट राहते, सिलिंडरची झीज वाढते आणि इंधन जास्त लागते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना त्याचाच दुसरा भाग बायपासची वाट बंद करतो. तो काढल्यावर ती वाट कायम उघडी राहते, कूलंट रेडिएटर टाळून फिरत राहते, आणि उन्हाळ्यात चढावर गाडी हीट होते. गाडी थंड राहावी म्हणून केलेल्या कामाने ती तापते आणि दोष पुन्हा कंपनीवर जातो.

इतकी उलट मते खोडल्यावर प्रश्न राहतो की हवा थंड ठेवण्यासाठी करायचे काय. या भागात तरी त्याचे मोठे उत्तर नव्या वस्तूंत नाही, गाडीच्या तोंडावरची वाट मोकळी ठेवण्यात आहे. इंटरकूलर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढे किंवा शेजारी, बंपरच्या मागे असतो. महिंद्रा स्कॉर्पिओसारख्या गाडीत बॉनेटवर दिसणारी खाच वारा आत घेण्यासाठीच आली. तरीही या जागांवर जादा दिवे, मोठे हॉर्न, पदाची पाटी, झेंड्याचा दांडा आणि लोखंडी गार्ड बसवले जातात. अशा गार्डविरुद्ध कारवाई करण्याची सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिली, ती पादचाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी. इंजिनाच्या श्वासासाठीही तो निर्णय योग्यच आहे.

दुसरा अडथळा हंगामी आहे. सोयाबीनची रास चालू असते तेव्हा रस्त्याकडेने भुसकट उडत असते. तुरीचे आणि हरभऱ्याचे खळे झाले की त्यांचेही. ऊस वाहतुकीच्या दिवसांत पाचट आणि रस्त्याची माती त्यात भर घालतात. हे सगळे इंटरकूलरच्या फिन्समध्ये ओलसर थर होऊन बसते आणि समोरून पाहणाऱ्याला फक्त वरची धूळ दिसते. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने समोरून पाणी मारले तर फिन्स वाकतात आणि भुसा अधिक खोल जातो. योग्य रीत म्हणजे इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबाने हवा किंवा पाणी सोडणे. आतल्या बाजूला ऑइलचा थर साचला असेल तर गाळा उतरवून धुवावा लागतो. तो थर उष्णता अडवतो, आणि ऑइल जास्त असेल तर टर्बोचे सील किंवा क्रँककेसची हवा सोडणारी नळी तपासणे क्रमप्राप्त ठरते.

होज पाइपांची गळती हा तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा रबरी होज ऑइलच्या वाफेने मऊ पडतो, क्लॅम्प सैल होतो आणि दाबलेली हवा बाहेर निसटते. ठरलेला दाब गाठण्यासाठी टर्बो अधिक वेगाने फिरतो आणि उरलेली हवा अधिक तापवतो. म्हणजे गळती हवा कमी करते आणि जी उरते ती गरमही करते. साबणाचे पाणी लावून, हलका दाब देऊन फुगे पाहिले तर ही गळती कोणत्याही गॅरेजमध्ये सापडते.

इंटरकूलरवर पाणी फवारण्याच्या युक्तीला मात्र सरसकट खोटे म्हणता येणार नाही. बाष्पीभवन पुष्कळ उष्णता ओढून घेते, आणि सुबारूच्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआयसारख्या गाडीत अशी फवारणी कंपनीनेच दिली होती. पण ती स्पर्धेतल्या काही क्षणांसाठी होती. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने चढताना ती काही मिनिटे उपयोगी पडेल, दिवसभराच्या फेऱ्यांना पुरेल इतके पाणी गाडीत वाहता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. त्या जिल्ह्यात फिन्सवर पाणी उधळण्याचा सल्ला कोणी जबाबदारीने देऊ नये. बोअरचे जड पाणी असेल तर प्रत्येक फवाऱ्यामागे क्षारांचा पातळ थर फिन्सवर उरतो, आणि एका उन्हाळ्याच्या सोयीची भरपाई पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांत करावी लागते.

पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण थेट इनटेकमध्ये फवारण्याची पद्धत त्याहून परिणामकारक आहे आणि तितकीच जोखमीची. ओल्डस्मोबिलने १९६२ च्या जेटफायर गाडीत टर्बोसोबत असे द्रव दिले होते. गिऱ्हाईक ते भरायला विसरत, आणि ही योजना फार काळ टिकली नाही. मेथॅनॉल विष आहे आणि त्याची ज्वाळा उजेडात नीट दिसत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मेथॅनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. असे द्रव पाण्याच्या बाटलीत भरून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवणे कुठल्याही पिकअपच्या मोलाचे नाही. उसापासून बनणारे इथेनॉल तेवढे घातक नाही आणि ते पेट्रोलमध्येच मिसळून येते. बाष्प होताना ते किलोमागे पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषते, आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या टर्बो इंजिनांना त्याचा फायदा मिळतो. त्याचे उष्मांक मूल्य पेट्रोलहून कमी असल्याने एव्हरेज मात्र थोडे घटते, हेही तितकेच खरे.

मोठा इंटरकूलर म्हणजे चांगला इंटरकूलर, हा समज शहरांतून इकडे येतो आहे. आकार वाढला की आतली हवेची मात्रा वाढते, दाब भरायला वेळ लागतो आणि टर्बोचा प्रतिसाद मंदावतो. मागच्या रेडिएटरचा वाराही अडतो. पन्नास अंशांच्या जागी पंचावन्न अंश कमी झाले आणि त्यापायी कूलंट तापू लागले, तर तो व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

पट्ट्यावर फिरणाऱ्या सुपरचार्जरची अडचण वेगळी असते. तो इंजिनाच्या वेगाशी बांधलेला असल्याने औशाच्या उंचीवर टर्बोसारखा अधिक फिरून तूट भरत नाही. रूट्स पद्धतीच्या सुपरचार्जरची कार्यक्षमताही कमी असते. ५५ टक्के धरली तर ४० अंशांची हवा १.७ पट दाबतानाच १३० च्या पुढे जाते. म्हणून अशा इंजिनांत पाण्याने थंड होणारा इंटरकूलर इनटेकच्या पोटातच बसवतात. जग्वार लँड रोव्हरच्या सुपरचार्ज्ड व्ही-८ इंजिनात तो आहे. चाकणला बनणाऱ्या स्कोडा-फोक्सवॅगनच्या एक लिटर टर्बो इंजिनातही पाण्याचाच इंटरकूलर असतो. अशा गाड्यांत इंटरकूलरचे पाणी इंजिनाच्या कूलंटपेक्षा कमी तापमानाच्या वेगळ्या फेऱ्यातून जाते, त्याचा स्वतंत्र छोटा रेडिएटर आणि विजेचा पंप असतो. हा पंप बंद पडला तर इंजिनाच्या तापमानाचा काटा काहीच दाखवत नाही, फक्त ताकद जाते. त्यामुळे पिकअप गेल्याच्या तक्रारीत टर्बोवर हात टाकण्याआधी या पंपाची आणि त्या फेऱ्यातल्या हवेच्या बुडबुड्यांची तपासणी व्हायला हवी.

यातले काहीही अंदाजाने ठरवण्याची गरज आता उरलेली नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत इनटेकच्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर असतो, आणि स्टिअरिंगखालच्या खोबणीत बसणारे छोटे यंत्र तो आकडा मोबाइलवर दाखवते. सेन्सर इंटरकूलरच्या पुढे आहे की मागे, हे आधी पाहावे लागते. एअर फिल्टरपाशी असलेला सेन्सर या कामाचा नाही. लातूरकडे सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना इंटरकूलरनंतरचे तापमान बाहेरच्या तापमानापेक्षा १०-१५ अंशांनी जास्त असणे सामान्य आहे. भरल्या गाडीने घाट चढताना फरक २५ ते ३० अंशांवर गेला तरी काळजीचे कारण नाही, कारण ४० वरचे ६७ हेच वरच्या गणितातले अपेक्षित उत्तर आहे. गर्दीत थांबल्यावर आकडा चढतो आणि गाडी वेगात आली की काही मिनिटांत उतरतो. तो उतरतच नसेल किंवा सपाटीवरही फरक ३०-४० अंशांवर अडून राहत असेल, तर आधी ग्रिलपुढचे अडथळे, मग फिन्समधला भुसा, मग होज आणि क्लॅम्प, आणि पाण्याचा इंटरकूलर असेल तर त्याचा पंप, या क्रमाने तपासावे.